बजेट कमी असेल तर बँड लहान करा, वादकाचे पैसे नको

लाइव्ह बँडचं कोटेशन आलं की बहुतेक लग्नघरांतून पहिला प्रश्न हाच निघतो, अहो तीन-चार तासांचे एवढे पैसे? मग फोनाफोनी सुरू. काहीतरी कमी करा, घरचंच कार्य समजा, एवढे पाहुणे बघतील तुम्हाला, पुढची कामं मिळतील वगैरे वगैरे. घासाघीस डेकोरेशनवाल्याशीही होते, पण तो पक्का असतो. तो म्हणतो ठीक आहे, मग मागच्या भिंतीवरची फुलं काढतो आणि दोन दिवे कमी करतो. पैसे कमी तर माल कमी, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बँडच्या बाबतीत मात्र माणसं तेवढीच यायला हवीत, गाणी तेवढीच व्हायला हवीत, स्पीकर तेवढेच मोठे हवेत, फक्त खालचा आकडा तेवढा बदलायचा.

मला हे पटत नाही. बजेट कमी असणं हा गुन्हा नाही, सगळ्यांचंच असतं. पण ते कमी असेल तर आठ जणांचा बँड अर्ध्या पैशात पाडून घेण्यापेक्षा तीन किंवा चार जणांचा बँड पूर्ण पैशात घ्यावा, आणि तेवढंही जमत नसेल तर सरळ रेकॉर्डेड गाणी लावावीत, त्यात कमीपणा काहीच नाही. हे मी कलाकारांची दया येते म्हणून म्हणत नाहीये बरं का. यजमानालाही शेवटी हेच परवडतं. कसं ते सांगतो, पण आधी ते "तीन-चार तास" म्हणजे नक्की काय प्रकार असतो तो बघू.

समजा पाहुणे संध्याकाळी सातला येणार आहेत. म्हणजे त्यांच्या आधी साउंडचेक संपलेला पाहिजे, कारण ड्रमर एकच ड्रम धाडधाड बडवतोय आणि मिक्सरवरचा माणूस लांबून "अजून एकदा, अजून एकदा" म्हणून ओरडतोय अशा वातावरणात कुणालाच स्वागत करून घ्यायचं नसतं. सहाला साउंडचेक संपवायचा तर स्पीकर, मिक्सर, केबली, स्टँड हा सगळा पसारा तीन-साडेतीनला हॉलच्या मागच्या दाराशी उतरलेला हवा. ते दार नेमकं बंद असतं आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेलेला असतो. स्टेजवर प्लगपॉइंट एकच, तोही लाइटवाल्याने आधीच धरलेला, आणि लाइट आणि साउंड एकाच लाइनवर घेतले की बऱ्याचदा स्पीकरमधून बारीक हूंऽऽ असा आवाज येत राहतो, म्हणून वेगळी लाइन शोधत फिरा. हे सगळं जमलं, वाद्यं सुरात लागली, साउंडचेक झाला, की मग वाट बघायची. भाषणं लांबतात, नवरा-नवरीची एंट्री लांबते, फोटो तर लांबतातच, आणि साडेसातचा सेट नऊला सुरू होतो. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन किंवा तीन सेट, मध्ये ब्रेक. शेवटचं गाणं झालं की लोक टाळ्या वाजवून निघून जातात आणि बँडचं काम अजून तासभर तरी उरलेलं असतं, कारण जे चढवलं ते उतरवायचं असतं. माल गाडीत भरून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असते. तर यजमानाला दिसतात ते तीन-चार तास आणि वादकाचा जातो तो अख्खा दिवस, त्या दिवशी दुसरं कुठलं काम तो घेऊच शकत नाही.

यात तालीम धरलेलीच नाही. "आमचं एक खास गाणं आहे, ते वाजवाल ना?" हे वाक्य किती सहज म्हटलं जातं. ते गाणं बँडला येत नसतं. रेकॉर्डिंगमधली पट्टी गायिकेला झेपत नसते म्हणून सगळ्यांनी पट्टी बदलायची, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना नवीन पट्टीत आपली ओळ परत लिहून घ्यावी लागते. मूळ गाण्यात चाळीस आवाज एकावर एक चढवलेले असतात आणि इथे माणसं पाच, मग कुठला आवाज ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे कुणीतरी बसून ठरवायचं. एका गाण्यामागे कुणाची तरी एक संध्याकाळ गेलेली असते, ती कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही.

बरं, बाकीच्या गोष्टी स्वस्त होत गेल्या, फोटो काढणं स्वस्त झालं, पत्रिका तर फोनवरच जाते, मग बँडच महाग का होत जातो? याचं उत्तर विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात दिलं होतं आणि मला ते आजही तितकंच चपखल वाटतं. ते म्हणाले, कारखान्यात यंत्रं सुधारली की एक माणूस पूर्वीच्या दसपट माल काढतो, त्यामुळे त्याचा पगार वाढला तरी वस्तू महाग होत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली एखादी रचना वाजवायला तेव्हाही चार माणसं लागत होती आणि आजही चारच लागतात, वेळही तेवढाच लागतो. तिथे उत्पादकता वाढवायची म्हणजे काय करायचं, दुप्पट वेगात वाजवायचं? की तिघांतच भागवायचं? बाहेरच्या जगात सगळ्यांचे पगार वाढले की वादकालाही त्याच जगात घरभाडं भरायचं असतं, त्यामुळे त्याचाही दर वाढतो, पण त्याच्या कामात बचत करायला जागाच नसते. म्हणजे बँड महाग वाटतो तो बँडवाले लबाड आहेत म्हणून नाही (काही असतात, त्यांच्याकडे येतोच), जिवंत माणसाचा वेळ ही गोष्टच दरवर्षी बाकीच्या वस्तूंच्या तुलनेत महाग होत जाते म्हणून.

आता घासाघीस यशस्वी झाली असं धरू. आकडा खाली आला, यजमान खूश, चार लोकांना अभिमानाने सांगूनही झालं. आत काय होतं? एजंट मधे असेल तर त्याचं कमिशन सहसा हलत नाही. स्पीकरचं भाडं हलत नाही, गाडीचं डिझेल हलत नाही. हलणारी गोष्ट एकच, माणसं. नेहमीचा ड्रमर त्या पैशात येत नाही म्हणून ऐनवेळी ओळखीतला कुणीतरी बोलावला जातो, ज्याने या बँडबरोबर कधी वाजवलेलंच नसतं, आणि तो पूर्णवेळ गिटारिस्टच्या डोक्याकडे बघत बसतो की आता गाणं संपणार आहे की अजून एक कडवं आहे. कीबोर्डवाला निम्मी गाणी ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर टाकतो आणि वर नुसती बोटं फिरवतो. आणि सगळ्यात आधी जो गळतो तो साउंड इंजिनिअर, कारण तो स्टेजवर दिसत नाही म्हणजे त्याची गरज नाही असं सगळ्यांनाच वाटतं.

हे मी एका रिसेप्शनला अगदी जवळून बघितलंय. बँड खरंच चांगला होता, गायिका तर फारच चांगली. पण इंजिनिअर नव्हता म्हणून मिक्सरचा टॅब गिटारिस्टनेच माइकच्या स्टँडला क्लिप लावून समोर ठेवला होता. बिचारा दोन कॉर्डच्या मध्ये हात सोडून टॅबवर बोट फिरवायचा आणि परत गिटारवर यायचा. अडचण अशी की स्टेजवर उभ्या माणसाला स्वतःचे मॉनिटर (वादकांकडे तोंड करून ठेवलेले छोटे स्पीकर) ऐकू येतात, हॉलमध्ये समोर काय ऐकू जातंय ते नाही. त्याच्या अंदाजाने आवाज ठीक होता आणि समोर बसलेल्या आम्हाला बेस आणि ड्रमशिवाय काही कळत नव्हतं, गायिकेचं तोंड हलताना दिसत होतं तेवढंच. मग कुणीतरी जाऊन सांगितलं की आवाज वाढवा, त्याने तिचा माइक वाढवला, तो मॉनिटरमध्ये शिरला आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली, पहिल्या रांगेतल्या आजींनी दोन्ही कान धरले. नंतर जेवताना लोकांनी बँडलाच नावं ठेवली. वाचवलेले पैसे कुठे गेले म्हणाल तर तिथे गेले.

उशीर आणि जेवण, या दोन गोष्टींवर तर बँड आणि यजमान यांच्यातली निम्मी भांडणं होत असतील, आणि ही भांडणं काही आजची नाहीत. १७७२ साली हंगेरीतल्या एस्टरहाझा महालात प्रिन्स निकोलॉस एस्टरहाझी यांचा उन्हाळी मुक्काम लांबतच चालला होता आणि त्यांच्या पदरचे वादक बायकामुलांपासून दूर अडकून पडले होते. त्यांचा प्रमुख होता संगीतकार हायडन. मालकाला तोंडावर कसं सांगणार की आता पुरे? म्हणून त्याने एक सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना लिहिली ज्याच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवणं संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो, शेवटी फक्त दोन व्हायोलिन उरतात. सांगतात की राजेसाहेबांना इशारा कळला आणि दुसऱ्याच दिवशी सगळे घरी निघाले. हायडनला निदान राजाची मर्जी होती. आजच्या बँडला "अजून एकच गाणं हो, सगळे मूडमध्ये आहेत" असं साडेअकराला सांगितलं तर त्याने कुठली मेणबत्ती विझवायची? त्यापेक्षा ओव्हरटाइमचा दर आधीच लिहून ठेवणं बरं. अर्ध्या तासाला एवढे, आणि ते "चालू ठेवा" असं कुणी सांगायचं तेही लिहून ठेवायचं, कारण लग्नात हुकूम देणारे पन्नास असतात आणि पैसे देणारा एक.

जेवणाचंही तसंच. मोझार्ट १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या नोकरीत असताना व्हिएन्नाहून वडिलांना लिहितो की जेवताना मला मालकाच्या खासगी नोकरांच्या खाली बसवतात, आचाऱ्यांच्या वर बसायचा मान मिळतो एवढंच. आणि हा तोच माणूस ज्याने पाचच वर्षांपूर्वी साल्झबर्गच्या हाफनर घराण्यातल्या लग्नासाठी जवळपास तासभराचं संगीत लिहून दिलं होतं, जे आजही जगभर वाजवलं जातं. आपण काय वेगळं करतो? अर्धा दिवस हॉलमध्ये असलेल्या माणसांना पाहुण्यांचं आटोपल्यावर बघू असं सांगतो, आणि पाहुण्यांचं आटोपतं तेव्हा त्यांचा दुसरा सेट असतो. मग ती मंडळी रिकाम्या खुर्च्यांच्या ढिगाआड उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलतात. गाणाऱ्या माणसाला भरल्या पोटी लगेच गाता येत नाही ही साधी गोष्ट आहे, त्यामुळे साउंडचेक संपल्यावर आणि पाहुणे यायच्या आत बँडचं जेवण उरकून घेणं हे सगळ्यांच्याच सोयीचं असतं. पण ते कुणाच्या यादीतच नसतं.

आता मूळ मुद्द्यावर, लहान बँड. लोकांना भीती वाटते की चारच जण असले तर स्टेज रिकामं दिसेल आणि आवाज पुरणार नाही. स्टेज रिकामं दिसण्याचं म्हणाल तर स्टेज लहान बांधा, पैसे तिथेही वाचतील. आवाजाचं मात्र थोडं शास्त्र आहे आणि ते बहुतेकांना उलटंच वाटतं. सारख्या जोराने वाजणारे आठ जण असतील आणि तुम्ही त्यातले चार कमी केलेत तर आवाज निम्मा होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने उतरतो. आणि माणसाच्या कानाला आवाज साधारण निम्मा झाला असं वाटायला १० डेसिबलच्या आसपास फरक लागतो. म्हणजे निम्मा बँड घरी पाठवला तरी पाहुण्यांना आवाजातला फरक जेमतेम जाणवेल. वर स्पीकर आहेतच, एकटी गायिकाही स्पीकरवरून अख्खा हॉल भरून टाकू शकते. माणसं वाढवल्याने मिळतो तो भरीवपणा, रंग, ट्रम्पेटची चमक, मागच्या आवाजांची साथ. ते छानच असतं, मी कुठे नाही म्हणतोय. पण ज्याला आपण "दणका" म्हणतो तो माणसांच्या संख्येतून येत नाही.

उलट आवाज कमी कसा ठेवायचा हीच खरी डोकेदुखी आहे. बंद हॉलमध्ये काठ्यांनी जोरात वाजवलेला ड्रमसेट जवळच्या माणसाच्या कानावर सहज १०० डेसिबलच्या घरात जातो, तोही स्पीकरशिवाय. मग ड्रमच्या वर ऐकू यावं म्हणून गिटारवाला आपला अॅम्प वाढवतो, त्याच्या वर बेस, त्याच्या वर गायिका, आणि बघता बघता सगळेच चढत जातात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने घालून दिलेला हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला पोचलात की पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जी शिफारस केली तीही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये अशीच आहे, म्हणजे ही वरची मर्यादा झाली, एवढा ठेवाच असं कुणी सांगितलेलं नाही. लग्नात तान्ही बाळं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि वर्षानुवर्षांनी भेटलेले नातेवाईक असतात ज्यांना एकमेकांशी बोलायचं असतं. मीटरभर अंतरावरचं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. त्यावर शंभर डेसिबल ओतले की बोलणं संपलं, मग सगळे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो.

काही हॉलमध्ये तर आवाजावर लिमिटर लावलेला असतो. ठरलेल्या डेसिबलच्या वर काही सेकंद गेलं की आधी लाल दिवा लागतो आणि मग स्टेजची वीजच जाते. कल्पना करा, नवरा-नवरी नाचतायत, गाण्याचा सगळ्यात चढा भाग आलाय आणि एकदम सगळं ठप्प, फक्त ड्रमर एकटा दोन ठोके पुढे गेलेला. असा लिमिटर आहे का आणि तो किती डेसिबलवर लावलाय हे हॉल ठरवताना विचारायचं असतं, बँडला सुपारी दिल्यानंतर नाही. ९० च्या आसपास लावलेला असेल तर मोठा ड्रमसेट तिथे चालणारच नाही, मग तुम्ही आठ जणांचे पैसे दिले काय आणि ऐंशी जणांचे दिले काय. तिथे अकूस्टिक गिटार, डबल बेस, काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा ब्रशने वाजवलेला छोटा ड्रम आणि एक गायिका असा चौघांचा बँड जे करेल ते मोठ्या बँडला जमणार नाही. शिवाय जेवणाच्या वेळी हेच चौघे हळू वाजवू शकतात, मोठ्या बँडला हळू वाजवायला सांगणं म्हणजे त्यांनाही त्रास आणि ऐकणाऱ्यालाही.

यावर एक हरकत मला नेहमी ऐकू येते, आणि ती अगदीच चुकीची नाही. म्हणतात, अहो, कॉलेजातली पोरं आहेत ना, ती हौसेने कमी पैशात वाजवतात, त्यांना स्टेज मिळतं, आपल्याला बँड मिळतो, यात कुणाचं काय बिघडलं? पोरांनी वाजवावं, जरूर वाजवावं, सगळे तसेच शिकतात. पण ज्या कार्यक्रमात फोटोग्राफरला पैसे आहेत, फुलांना आहेत, खुर्च्यांच्या कव्हरला आहेत, तिथे फक्त वाजवणाऱ्याला "स्टेज मिळतंय ना" म्हणायचं हा हिशोब मला कळत नाही. कव्हरवाल्याला कुणी सांगत नाही की पाहुणे तुझी कव्हरं बघतील. आणि हौशी पोरांच्या दराचा वापर पुढे नेमका कसा होतो तेही बघा. तो दर पकडून पुढचा यजमान त्या माणसाशी घासाघीस करतो ज्याचं घर वाजवण्यावरच चालतं. तो दोन वर्षं तग धरतो, मग वाद्य विकतो आणि दुसरी नोकरी बघतो, आणि दहा वर्षांनी आपणच म्हणतो की हल्ली चांगले वादक राहिले नाहीत.

दुसरी हरकत बाजाराची. ज्याला परवडत नाही त्याने नको घेऊ काम, कुणी जबरदस्ती केलीय? हे ऐकायला बरोबर वाटतं. पण वादक एकेकटा असतो, सीझन ठरावीक महिन्यांचा असतो, आणि रिकाम्या गेलेल्या शनिवारची भरपाई पुढच्या शनिवारी होत नाही. अशा माणसाला एकट्याने नाही म्हणणं जड जातं, म्हणून तर वादकांच्या संघटना निघाल्या. ब्रिटनची म्युझिशियन्स युनियन १८९३ ची, अमेरिकेतली अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स १८९६ ची. या फेडरेशनने १ ऑगस्ट १९४२ पासून जे केलं ते आज वाचताना खरंच वाटत नाही. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर रेकॉर्ड वाजायला लागल्या आणि हॉटेलांतून, नाचघरांतून वादकांचं काम जायला लागलं, म्हणजे वादक स्वतःच्याच रेकॉर्डमुळे बेकार होत होते. तेव्हा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी सांगितलं की यापुढे कुणी रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवायचं नाही. लाइव्ह वाजवा, रेकॉर्डिंग बंद. कंपन्यांनी गायकांच्या मागे वाद्यांऐवजी कोरस उभा करून रेकॉर्ड काढून बघितल्या. डेक्का कंपनी १९४३ मध्ये नमली, कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर या मोठ्या कंपन्या थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये. विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या फंडात जायला लागली आणि त्या पैशातून वादकांना मानधन देऊन लोकांसाठी फुकट लाइव्ह कार्यक्रम सुरू झाले. संपाने रेकॉर्ड काही थांबल्या नाहीत, ते शक्यही नव्हतं. पण यंत्रातून येणाऱ्या पैशातला थोडा हिस्सा जिवंत वाजवणाऱ्याकडे वळवता येतो हे तरी दिसलं.

आज तसा संप कुणी करू शकेल असं वाटत नाही, कारण आजचा वादक कागदोपत्री कामगारच नाही, तो स्वतःचा धंदा करणारा धरला जातो. आणि धंदेवाल्यांनी एकत्र बसून दर ठरवले की स्पर्धा कायदा आडवा येतो. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच झालं. तिथे ऑर्केस्ट्रात बदली म्हणून वाजवणाऱ्या फ्रीलान्स वादकांसाठी संघटनेने किमान दर ठरवून घेतला होता, तिथल्या स्पर्धा आयोगाने हरकत घेतली, आणि प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्वयंरोजगारी माणूस म्हणजे तत्त्वतः एक उद्योगच, त्याला कामगारांच्या सामूहिक कराराचं संरक्षण मिळत नाही, फक्त तो नावापुरता स्वयंरोजगारी असेल आणि प्रत्यक्षात कामगारासारखाच राबत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे २०२२ मध्ये युरोपियन कमिशनने एकट्याने काम करणाऱ्यांसाठी काही अटींवर सवलतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता मला सांगा, एक ट्रम्पेट आणि एक जुनी गाडी एवढंच भांडवल असलेला माणूस आणि शेकडो नोकर असलेली कंपनी यांना एकाच मापाने "उद्योग" म्हणायचं, ही कायद्याची हुशारी असेल, शहाणपण नाही. वादकांना किमान दर एकत्र ठरवता यायलाच हवा, लग्नात वाजवणाऱ्यांनाही. ब्रिटनची युनियन निदान शिफारस म्हणून तरी दर जाहीर करते, त्यामुळे यजमानालाही कळतं की माणशी किती हे वाजवी आहे, आणि अगदी नवख्या पोरालाही सांगता येतं की याच्या खाली नको.

बँडवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. व्हिडिओत दाखवायची एक गायिका आणि कार्यक्रमाला पाठवायची दुसरीच, हे सर्रास चालतं. एकाच नावाचे तीन बँड एकाच रात्री तीन हॉलमध्ये वाजतात. अॅडव्हान्स घेतल्यावर फोन न उचलणारेही आहेत. म्हणून लेखी हवंच, कोण येणार, किती वाजता येणार, आजारी पडलं तर बदली कोण, कार्यक्रम रद्द झाला तर कुणाचे किती. आणि कोटेशन "एकूण एवढे" असं एका ओळीत द्यायची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला पाहिजे, कारण घासाघिशीचं मूळच तिथे आहे. एकच आकडा समोर आला की तो कमी करणं एवढंच हातात उरतं. त्याऐवजी माणशी किती, साउंड इंजिनिअरचे किती, स्पीकरचं भाडं किती, गाडीचे किती, तालमीचे किती असं वेगवेगळं लिहून द्या. मग यजमान म्हणू शकतो की ट्रम्पेट आणि मागच्या दोन गायिका नकोत, चौघेच या, इंजिनिअर मात्र पाहिजे. बिदागीला हात न लावता बिल खाली येतं. एजंट लोकांना हे आवडणार नाही, कारण मग त्यांच्या कमिशनचीही एक ओळ त्याच कागदावर लिहावी लागेल. लिहा की.